नोकरी सांभाळून लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्यांनो, तुम्ही थांबता कसे?

अनुस्वार · सोमवार, रात्री १०:१५

हा धागा बरेच दिवस मनात होता. आज लिहायला बसले, कारण आज माझा स्ट्रीमचा वार आहे आणि मी स्ट्रीम केलेला नाही.

थोडी पार्श्वभूमी. मी दिवसभर हिशेबाचं काम करते, साडेनऊ ते सहा, महिनाअखेरीला त्याहून उशिरापर्यंत. गेले १४ महिने आठवड्यातून तीन रात्री, नऊ ते बारा, कोड्यांचे आणि डावपेचांचे खेळ लाइव्ह खेळते. बघायला तीस-पस्तीस जण असतात, त्यातले दहा-बारा नेहमीचे.

या नेहमीच्यांमध्ये एक जण आहे. मी लाइव्ह झाले की मिनिटाच्या आत चॅटमध्ये त्याचा एकच शब्द येतो, 'आलो'. पुढे तासभर तो काही बोलेल न बोलेल, पण 'आलो' ठरलेलं. सुरुवातीला, बघणारा तो एकटाच असायचा तेव्हा, त्या शब्दाकडे मी डोळे लावून बसायचे. तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी मी लाइव्ह झाले, 'आलो' दिसलं आणि माझ्या मनात आलं, 'कशाला आलास?'

बोलले काहीच नाही. हसून स्वागत केलं, तीन तास खेळले, कुणाला काही जाणवलंही नसेल. पण बारा वाजता स्ट्रीम बंद केल्यावर हेडफोन कानावर तसेच ठेवून मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसून राहिले. घड्याळ पाहिलं तेव्हा पाऊण वाजून गेला होता. त्या माणसाने माझं काय वाकडं केलं होतं? १४ महिन्यांत त्याने एकदाही वावगा शब्द टाकलेला नाही.

दमणं मला माहीत आहे. महिनाअखेरीला मी दर महिन्याला दमते, रविवारी झोप काढली की सोमवारी ठीक असते. हे तसं गेलं नाही. शनिवारी, रविवारी भरपूर झोपले, तरी सोमवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघताना पोटात गोळा आला. आज नऊला लाइव्ह व्हायचंय या विचाराने. जी गोष्ट मी स्वतःच्या हौसेने सुरू केली तिच्यासाठी.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे वही काढली आणि दोन आठवडे हिशेब लिहिला. माझी समजूत होती की मी आठवड्याला ९ तास स्ट्रीमिंग करते. आठवड्याची सरासरी निघाली २३ तास. लाइव्ह ९. मांडामांड, आवाज-कॅमेरा तपासणं अडीच. क्लिप कापणं ४. थंबनेल दीड. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर प्रेक्षकांना उत्तरं देणं साडेचार. आणि दीड तास निव्वळ आलेख बघण्यात. सरासरी प्रेक्षक किती, मागच्या आठवड्यापेक्षा कमी की जास्त, कुठल्या मिनिटाला लोक उठून गेले. हा शेवटचा आकडा लिहिताना मला फार वाईट वाटलं, कारण त्या दीड तासात मी काहीही केलेलं नव्हतं.

आजूबाजूच्यांशी बोलले तर दोनच उत्तरं येतात. 'आवडीचं काम आहे ना, मग दमायला काय झालं?' किंवा 'झेपत नसेल तर सोडून दे.' मला सोडायचं नाहीये. मला थांबता यायला हवंय. बाराला थांबायचं ठरवून खरंच बाराला थांबायचं, स्ट्रीम संपल्यावर डोक्यातूनही तो संपवायचा आणि आजच्यासारखी एखादी रात्र गेली तर अपराधी वाटू द्यायचं नाही. यातलं एकही मला जमत नाही.

नोकरी करून स्ट्रीम करणारे बरेच जण इथे आहेत हे माहीत आहे. तुम्ही काय करता ते लिहा. आडाखे नकोत, प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

खारुताई · सोमवार, रात्री १०:५०

वाचतेय. 'कशाला आलास' वाचून गलबलून आलं. माझ्याकडे तो क्षण नोटिफिकेशनच्या आवाजाने आला होता. कुणी नवीन फॉलो केलं की वाजणारी ती छोटी घंटा मी स्वतः निवडलेली. एका रात्री ती वाजली आणि मी दचकले. नंतर आठ महिने स्ट्रीम केला नाही. तुम्ही वेळेत लिहिलंत, हे फार चांगलं केलंत.

गारवा · मंगळवार, सकाळी ७:३०

मी समुपदेशन करतो आणि रविवारी सकाळी बुद्धिबळाचा छोटा स्ट्रीम चालवतो, म्हणून दोन्हीकडून लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. २०१९ मध्ये हे वर्गीकरण मंजूर झालं, २०२२ पासून लागू आहे. तिथे तीन खुणा दिल्या आहेत. अंगातली शक्ती आटल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. अनुस्वार, तुमचं 'कशाला आलास' ही दुसरी खूण आहे. माणूस वाईट झाला म्हणून असं मनात येत नाही. देण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही की मन समोरच्याला दूर ढकलायला लागतं.

'आवडीचं काम आहे, मग दमायला काय झालं' याचं उत्तर तर या शब्दाच्या जन्मातच आहे. बर्नआउटवरचा पहिला गाजलेला लेख हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये लिहिला. तो न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःचा व्यवसाय करायचा आणि त्यानंतर रात्री एका मोफत दवाखान्यात स्वेच्छेने काम करायचा. दिवसा पोटापाण्याचं, रात्री मनापासूनचं. तिथेच त्याने सोबतच्या स्वयंसेवकांना आणि स्वतःलाही विझताना पाहिलं. त्याचं निरीक्षण असं की झोकून देणाऱ्यांनाच याचा धोका जास्त. म्हणजे ज्याने हे सगळ्यात आधी नीट लिहून ठेवलं त्याचं वेळापत्रक आपल्यासारखंच होतं.

आता थांबण्याविषयी. जर्मन संशोधक सबीने सोनेन्टाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशाने भरून येतो याची मांडणी केली. चार गोष्टी: कामापासून मन बाजूला होणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं शिकून हाताला येणं आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. स्ट्रीमिंग सुरू केलं तेव्हा ते आपल्याला का भावलं ते यावरून कळतं. ऑफिसच्या कामापासून मन पूर्ण सुटत होतं, नवं काही शिकत होतो, कुणी साहेब नव्हता. नोकरीचा शीण स्ट्रीम खरोखरच उतरवत होता. पुढे स्ट्रीमचंही वेळापत्रक झालं, आकडे आले, वाट बघणारे लोक आले. आता स्ट्रीमपासून मन बाजूला करणारं काय आहे? बहुतेकांकडे काहीच उरलेलं नसतं, कारण जी जागा विश्रांतीची होती तिथेच दुसरं काम येऊन बसलं.

तेव्हा माझा प्रश्न तुम्हाला असा आहे की स्ट्रीम सुरू करण्याआधी संध्याकाळी तुम्ही काय करायचात? त्यातलं काय काय बंद पडलंय?

आणि एक मुद्दाम सांगतो. झोप आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, नुसत्या स्ट्रीमचाच नव्हे तर सगळ्याचाच कंटाळा आला असेल, तर धाग्यावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. ते बर्नआउटपेक्षा वेगळं काही असू शकतं.

धडाडी · मंगळवार, दुपारी १:२०

मी थोडं वेगळं मत मांडतो, कुणी राग मानू नये. सातत्य सोडलं की सगळं हातचं जातं. ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटवरचा गाजलेला स्ट्रीमर निन्जा, त्याने २०१८ मध्ये स्वतः लिहिलं होतं की ४८ तासांपेक्षा कमी वेळ बाहेर होतो तर ४० हजार सबस्क्रायबर, म्हणजे महिन्याची वर्गणी असलेले प्रेक्षक, गेले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर तीस प्रेक्षकवाल्याने सुट्टी घेतल्यावर काय होईल? मी आठवड्यातले सहा दिवस लाइव्ह असतो, शिवाय नोकरी पूर्ण वेळ. दोन वर्षं कळ काढायची, मग नोकरी सोडता येईल असा माझा हिशेब आहे. दमणं हा त्याचाच भाग आहे.

वाळूचं घड्याळ · मंगळवार, रात्री ८:०५

@धडाडी, कळकळ समजते. मीही चार वर्षांपूर्वी तिथेच होतो. पण त्या ४० हजारांकडे नीट बघा. अ‍ॅमेझॉन प्राइमसोबत मिळणारं ट्विचचं सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू राहत नाही, दर महिन्याला प्रेक्षकाला स्वतः बटण दाबावं लागतं. लाखो सबस्क्रायबर असलेला माणूस दोन दिवस दिसला नाही की ज्यांची मुदत त्या दोन दिवसांत संपली ते गळाले. ते रागावून गेले असं नाही. दुसरं म्हणजे त्याची ती नोकरी होती. आपलं घर स्ट्रीमवर चालत नाही. आपल्याला पगार आहे, म्हणून आपल्याला न दिसण्याची मुभा आहे, आणि पूर्ण वेळ स्ट्रीम करणाऱ्याला नेमकी तीच नसते. ती मुभा आपण वापरतच नाही.

रोज लाइव्ह असलंच पाहिजे हा नियम केला कुणी, हेही मी एकदा शोधून बघितलं. ट्विचचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम (चॅनेलमधून पैसे मिळण्याची पहिली पायरी) २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हाच्या अटी: ५० फॉलोअर, ३० दिवसांत ५०० मिनिटं, ७ वेगवेगळे दिवस, सरासरी ३ प्रेक्षक. ५०० मिनिटं म्हणजे महिन्याला सव्वाआठ तासांच्या वर थोडंसं. सात दिवसांत वाटले तर दिवसाला सव्वा तासही भरत नाही. पार्टनर या त्यावरच्या पायरीसाठी ३० दिवसांत २५ तास, १२ दिवस आणि सरासरी ७५ प्रेक्षक. यात अवघड अट ७५ प्रेक्षकांची आहे. वेळेची अट बघा: आठवड्याला तीन दिवस, दोन-दोन तास आणि काही मिनिटं. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठीची ४,००० तासांची अट तर प्रेक्षकांनी वर्षभरात बघितलेल्या तासांची आहे, तुम्ही बसलेल्या तासांची नाहीच. सहा दिवसांचा नियम कंपनीनेसुद्धा घातलेला नाही, तो आपण आपल्यावर घातलाय.

आता अनुस्वार यांनी विचारलेलं, बाराला थांबायचं कसं. यावर माझ्याकडे अगदी साधा उपाय आहे. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूमध्ये आउटपुट टायमर नावाची सोय आधीपासूनच असते, वेगळं काही बसवावं लागत नाही. तिथे अमुक वेळाने स्ट्रीम बंद कर असं सांगून ठेवता येतं. मी दोन तास दहा मिनिटं लावतो. दोन तास होताना मी स्क्रीनवर 'शेवटची दहा मिनिटं' असा वेगळा सीन आणतो, नवी फेरी सुरू करत नाही, आणि शेवटी सगळ्यांना दुसऱ्या एखाद्या छोट्या चॅनेलवर रेड करून पाठवतो. रेडचा मोठा फायदा म्हणजे तुम्हाला लोकांना घराबाहेर काढल्यासारखं वाटत नाही, तुम्ही त्यांना कुणाच्या तरी घरी पोहोचवता. 'अजून एकच डाव' म्हणणाऱ्याला मी सांगतो की टायमर लागलाय. पहिल्या महिन्यात दोनदा वाक्य अर्धवट असतानाच स्ट्रीम बंद झाला. पुढे लोकच वेळ सांगायला लागले.

आणि तो प्रेक्षकांचा आकडा. ट्विचच्या स्ट्रीम मॅनेजरमध्ये त्या आकड्यावर क्लिक केलं की तो झाकला जातो. मी लाइव्ह असताना तो बघतच नाही. आलेख महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकदाच.

खारुताई · मंगळवार, रात्री ८:४०

आउटपुट टायमर! इतकी वर्षं तो मेनू उघडूनसुद्धा बघितला नव्हता. वाचनखूण साठवली.

निळी शाई · बुधवार, सकाळी ११:००

माझी नोकरी ग्राहकांचे फोन घेण्याची. दिवसभर हसऱ्या आवाजात बोलायचं, समोरचा कितीही चिडलेला असो. रात्री मी गप्पांचा स्ट्रीम करायचे, म्हणजे पुन्हा हसरा आवाज. नोकरीसाठी भावना आवरून-सावरून दाखवणं हेही श्रमच आहेत, अशी मांडणी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये केली. मला ते खूप उशिरा वाचायला मिळालं. मी एकच अंग दोन पाळ्यांत राबवत होते.

मी स्ट्रीम बंद केला नाही, बदलला. आता आठवड्यातून दोनदा शांत स्ट्रीम करते. कॅमेरा माझ्या टेबलावर, मी सुलेखनाचा सराव करते, लोक आपापला अभ्यास किंवा काम करतात. पन्नास मिनिटं कुणी बोलत नाही, मग दहा मिनिटं गप्पा. काही जुने प्रेक्षक गेले, खरं आहे. जे आहेत ते मी गप्प असताना येऊन बसतात, आणि त्याने मला किती निवांत वाटतं हे शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा किती तास करता याच्या जोडीला नोकरी तुमचं कुठलं अंग थकवते तेही पाहा. दिवसभर बोलणाऱ्याने रात्री बोलका स्ट्रीम करू नये. दिवसभर आकडे बघणाऱ्याने रात्री आलेख बघू नये, अनुस्वार ताई.

खर्जातला सा · बुधवार, दुपारी ४:३०

घशाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी शिकवतो, दिवसाला पाच तास बोलणं. संध्याकाळी स्ट्रीम. मागच्या वर्षी आवाज बसला तो अकरा दिवस उघडलाच नाही, नोकरीवरही रजा टाकावी लागली.

कारण सापडलं ते असं. मी कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावायचो आणि खेळाचा आवाज मोठा ठेवायचो. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये दाखवून दिलं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. खोली शांत असली तरी माझ्या कानात गोंगाट होता, आणि स्वतःचा आवाज धड ऐकू येत नव्हता. म्हणजे माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असताना मी तीन तास ओरडत होतो.

आता खेळाचा आवाज निम्म्याच्या खाली, आणि माईकमधला माझा आवाज मंदसा माझ्याच कानात परत घेतो. पहिल्याच दिवशी फरक पडला. एक कान उघडा ठेवला तरी चालतं. माईकचा गेन, म्हणजे माईक आवाज किती उचलतो ते, थोडा वाढवा आणि तुम्ही स्वतः खाली या. दर अर्ध्या तासाला पाण्याचा घोट. आणि सकाळी आवाज घोगरा असेल तर त्या रात्री स्ट्रीम नाही, यात माझ्याकडे सूट नाही.

अवांतर: रात्रीच्या कॉफीबद्दलही सांगायला हवं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. एवढं कॅफीन म्हणजे मोठी मात्रा, मान्य. पण रात्री आठला घेतलेला तो मोठा मग बारालाही आपल्या अंगात असतो, हे लक्षात असू द्या.

धडाडी · बुधवार, रात्री ११:५५

वाळूचं घड्याळ यांचा प्रतिसाद काल तीनदा वाचला. अटींचं गणित मी कधीच असं मांडून बघितलं नव्हतं. आज स्ट्रीमनंतर हे लिहितोय. खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात ऑफिसला जाताना गाडी चालवता चालवता डोळा लागला होता. एक क्षणच. मागच्याने हॉर्न दिला म्हणून निभावलं. घरी कुणालाही सांगितलेलं नाही.

गारवा · गुरुवार, सकाळी ६:५०

@धडाडी, तुम्ही हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आता घरी सांगा.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी 'नेचर'मध्ये छापलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. पुष्कळ देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे. सकाळी सहाला उठणाऱ्याचे १७ तास रात्री अकराला पूर्ण होतात. तुमचा स्ट्रीम तेव्हा ऐन रंगात असतो. शिवाय प्रौढ माणसाला नियमितपणे किमान सात तास झोप हवी, त्यात तडजोड करून दोन वर्षं काढता येत नाहीत. या आठवड्यात सहाच्या जागी तीन दिवस करा, आणि झोप न झालेल्या सकाळी गाडीला हात लावू नका. बाकीचं नंतर बघू.

धडाडी · गुरुवार, सकाळी ७:१५

हो. आज सांगतो.

पडद्यामागे · शुक्रवार, रात्री ९:३०

मी स्ट्रीम करत नाही, तीन वर्षं एका चॅनेलवर मॉडरेटर आहे, म्हणजे चॅट सांभाळते. ज्यांचा चॅनेल आहे त्या दिवसा नोकरी करतात. त्यांना विझताना मी बाजूने पाहिलंय, म्हणून लिहिते.

त्यांना स्ट्रीमपेक्षा जास्त थकवलं ते त्यानंतरच्या खाजगी निरोपांनी. रात्री एक वाजता कुणी लिहायचं की आज मन लागत नाही, कुणी घरातलं भांडण सांगायचं. त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. पडद्यावरच्या माणसाशी आपली ओळख आहे असं प्रेक्षकाला वाटणं, याला हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच नाव दिलं होतं, तेव्हा टीव्ही नवा होता. तिथे निदान टीव्हीवरचा माणूस उलट बोलत नव्हता. इथे तो नाव घेऊन उत्तर देतो. त्यामुळे ओढ खरी असते, दोन्ही बाजूंनी. पण एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला शंभर.

आम्ही असं केलं. खाजगी निरोप बंद. डिस्कॉर्डवर एकच खोली, तिथे आम्ही दोघी मॉडरेटर आळीपाळीने असतो. कुणी खरोखर संकटात असेल तर हेल्पलाइनची माहिती देणारा मजकूर आधीच लिहून ठेवलाय, तो आपुलकीने देतो आणि विचारपूस करतो, पण रात्री एकला स्ट्रीमरला उठवत नाही. ट्रोल आले की शील्ड मोड (चॅटवर एकदम कडक बंधनं) लावणं, स्लो मोड (दोन निरोपांमध्ये सक्तीचं अंतर) लावणं हे निर्णय आमचे. त्यांना नंतर कळतं.

प्रेक्षकांच्या बाजूनेही एक सांगते. त्यांनी एकदा दोन आठवडे सुट्टी घेतली, तारखा आधी वेळापत्रकात टाकून. आम्हाला वाटलं चॅट ओस पडेल. लोक डिस्कॉर्डवर एकमेकांशी खेळत बसले. परत आल्या त्या दिवशी कुणीही 'कुठे होतात' असं विचारलं नाही, सगळ्यांनी 'कशा आहात' विचारलं. न सांगता गायब झालं की लोक काळजीत पडतात, रुसतात. सांगून गेलं की थांबतात.

अनुस्वार, तुमच्याकडे मॉडरेटर आहे का? नसेल तर त्या 'आलो'वाल्याला विचारून बघा.

अनुस्वार · शनिवार, सकाळी ९:१०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. धडाडी, तुमचं वाचून काळजात धस्स झालं. काळजी घ्या.

गारवा, स्ट्रीमच्या आधी मी संध्याकाळी काय करायचे, हा प्रश्न चार दिवस पाठ सोडत नाहीये. चालायला जायचे. बहिणीला फोन करायचे, रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. आणि खेळायचे. एकटी, कुणी बघत नसताना, हरले तरी कुणाला कारण न सांगता. तिन्ही बंद पडलंय. खेळणं बंद पडलंय हे लिहून काढेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. १४ महिन्यांत मी लाइव्ह नसताना एकही खेळ खेळलेले नाही. नवीन खेळ घेतला की 'हा स्ट्रीमसाठी ठेवू' म्हणून बाजूला ठेवते.

पुढचे सहा आठवडे असं ठरवलंय. दोनच रात्री, साडेआठ ते साडेदहा, टायमर लावून. क्लिप कापणं पूर्ण बंद, कुणाला कापायची असेल तर त्याने कापावी. महिनाअखेरीच्या आठवड्यात स्ट्रीम नाही, आणि ते वर्षभरासाठी वेळापत्रकात आत्ताच लिहून टाकते. तारखा मला आधीच माहीत असतात, तरी दर महिन्याला मी त्याच भिंतीवर जाऊन आपटत होते. वहीत तास लिहीत राहीन. मग इथे येऊन सांगते.

वाळूचं घड्याळ · शनिवार, सकाळी १०:००

महिनाअखेरीचं उत्तम. लोकांना कारणही सांगा, ते समजून घेतात.

अनुस्वार · सहा आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ५:४०

सांगितल्याप्रमाणे परत आले.

आधी आकडे, कारण मला त्याशिवाय चैन पडत नाही. आठवड्याचे २३ तास होते, आता साडेआठ ते नऊच्या मध्ये. त्यातले लाइव्ह ४. प्रेक्षक तीस-पस्तीस होते, आता पंचवीसच्या आसपास. आलेख दोनदाच पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या संध्याकाळी चालायला गेले आणि परत येईपर्यंत ते बरंच ओसरलं होतं.

टायमरने पहिल्याच आठवड्यात मला वाक्याच्या मधोमध तोडलं. एका कोड्याची शेवटची पायरी उरली होती. चॅटमधल्या सगळ्यांनी ती आपापली सोडवली आणि पुढच्या वेळी उत्तरं घेऊन आले, त्यातली दोन माझ्या उत्तरापेक्षा चांगली होती.

साडेदहाला स्ट्रीम संपला तरी अकरा-सव्वाअकरापर्यंत डोकं धावतच असतं. आधी मी तो वेळ डिस्कॉर्डवर घालवायचे. आता हेडफोन काढून खुंटीला टांगते, खोलीतला मोठा दिवा बंद करते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. फोन त्या खोलीतच राहतो. पहिले आठ-दहा दिवस हात सारखा फोनकडे जायचा.

बुधवारी संध्याकाळी बाजूला ठेवलेल्या खेळांपैकी एक उघडला, एकटीनेच. वीस मिनिटांत हरले. मग पुन्हा सुरू केला.

महिनाअखेर मधे येऊन गेली. दमले, झोपले, सोमवारी ठीक होते.

आणि पडद्यामागे, तुमचं ऐकून मी त्याला विचारलं. लगेच हो म्हणाला. मॉडरेटर झाल्यावर पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की तो रात्रपाळीला जाण्याआधी माझा स्ट्रीम लावतो. नऊचा स्ट्रीम असताना त्याला तासाभरात उठावं लागायचं, म्हणून आल्या आल्या 'आलो' लिहून ठेवायचा, न जाणो नंतर बोलायला वेळ मिळेल न मिळेल. आता साडेआठची वेळ त्याला जास्त सोयीची पडते.

परवा लाइव्ह झाले. आवाज तपासत होते, खेळ अजून उघडायचा होता. चॅटमध्ये आलं, 'आलो'. मी म्हटलं, "ये, बस."